पेट्रोलची मूळ वाट

सुरतेतली जुनी पेट्रोल गाडी जॅकवर चढवली की खाली एकाऐवजी दोन-तीन वाटा दिसतात. एक कंपनीने टाकलेली पेट्रोलची, बहुधा मध्येच कापलेली. दुसरी गॅसची. तिसरी म्हणजे कुणीतरी अडचणीच्या वेळी ओढलेली रबरी नळी, जागा मिळेल तिथे तारेने बांधलेली. आमच्या भागात तेल आणि वायू घरचाच. अंकलेश्वरला १९६० साली तेल लागलं, समुद्रातला वायू हजिऱ्याला किनाऱ्यावर येतो. सीएनजी मिळू लागला तसा रिक्षापासून शेठच्या मोटारीपर्यंत सगळ्यांनी तो स्वीकारला. पैसे वाचले, धूर कमी झाला. मात्र गॅसवर धावणाऱ्या जुन्या गाडीची पेट्रोलची बाजू वर्षानुवर्षं उपाशी राहते. पंपाचा पडदा आखडतो, कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आटून पिवळा चिकट थर धरतो, नळ्या आतून गंजतात. मग एके दिवशी मालक म्हणतो, गाडी पुन्हा पेट्रोलवर करा. तेव्हा कळतं की पेट्रोलला टाकीपासून इंजिनापर्यंत जायला रस्ताच उरलेला नाही.

सुरतेच्या उधन्यात माझं गॅरेज आहे. वडील नंदुरबारकडून ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेने इथे आले, खानदेशातली हजारो माणसं आली तसेच, आणि यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर म्हणून राहिले. मी मोटारींकडे वळलो. कार्बोरेटरच्या गाड्यांवर हात बसला आणि तेच माझं काम झालं. आता अशा गाड्या रोजच्या वापरात फारशा नाहीत. येतात त्या कुणीतरी जीव लावून जपलेल्या: पद्मिनी, ॲम्बेसेडर, जीप, क्वचित एखादी कॉन्टेसा. त्यांतल्या एका कॉन्टेसाच्या पेट्रोल लाइनचं काम मी केलं. 'ओरिजिनल' कशाला म्हणायचं, हे त्या कामात मला नीट उमगलं, म्हणून ते लिहितो आहे.

अमेरिकेत १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून ज्या मसल कार गाजल्या, त्यांच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाशी कॉन्टेसाची बरोबरी कधीच नव्हती. तरी लांब बॉनेट, रुंद अंग आणि मागच्या चाकांना मिळणारा जोर यामुळे आपल्याकडे तिला 'भारतीय मसल कार' म्हणतात, आणि प्रेमाने म्हणतात. हिंदुस्तान मोटर्सने ती १९८४ मध्ये पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून आणली. मूळ आराखडा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. सुरुवातीला तिच्यात ॲम्बेसेडरच्या घराण्यातलं दीड लिटरचं इंजिन होतं. एवढ्या देहाला ते पुरत नसे. पुढे जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले, अठ्ठ्याऐंशी अश्वशक्ती मिळाली, आणि गाडीच्या दिसण्याला शोभेल अशी चाल आली. २००२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. अंग ब्रिटिश घराण्याचं आणि इंजिन जपानी, याचा परिणाम मिस्त्रीला हातात पाना घेतल्यावर कळतो. माझ्याकडे आलेल्या गाडीत नळीच्या एका टोकाला इंची नट होता, दुसऱ्या टोकाला एमएमचा.

गाडीचे मालक जरीच्या धंद्यातले. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, जीजे-५ नंबरची. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून लाखो क्युसेक पाणी सोडावं लागलं आणि तापी शहरात शिरली, तेव्हा ही गाडी अडाजणला घराखालच्या पार्किंगमध्ये होती. छतापर्यंत बुडाली. पूर ओसरल्यावर इंजिन उघडलं गेलं, सीट बदलल्या, पण पेट्रोलची टाकी कुणी खाली उतरवली नाही. टाकीला हवा घेण्यासाठी एक बारीक नळी असते. पेट्रोल खाली जाईल तशी तितकी हवा आत आली नाही तर टाकीत ओढ निर्माण होऊन पुरवठा थांबतो, म्हणून ती हवीच. पुरात त्याच नळीतून तापीचा गाळ आत गेला. मग लाइन वारंवार तुंबू लागली. कुणीतरी लोखंडी नळी मध्येच कापून सरळ रबरी नळी ओढली, पंप ओढत नाही म्हणून इलेक्ट्रिक पंप लावला, आणि शेवटी या कटकटीला कंटाळून गॅसची किट बसवली.

मालक म्हणाले, "मने ओरिजिनल ज जोईए, भाई. पप्पा चालवायचे तशी."

वडील गेले त्याला वर्ष होत आलं होतं. अशा वेळी माणूस गाडीत काय शोधत असतो ते मला कळतं. पण गॅरेजमध्ये या मागणीचा अर्थ कामाच्या भाषेत लावावा लागतो. तीच नळी, तोच रबर, तोच पंप? की पेट्रोल ज्या रीतीने जायचं ती रीत? सुरुवातीला मी याचं उत्तर दिलं नाही. गाडीखाली पाहायचं ठरवलं.

आधी गॅसचं सामान उतरवलं. सिलिंडरमध्ये दोनशे बारच्या आसपास दाब असतो. ते काम परवानाधारक माणसाकडूनच करून घेतलं. किटबरोबर पेट्रोल बंद करणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह येतो, तो पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये बसलेला होता. कार्बोरेटरच्या तोंडावर गॅस मिसळणारं कडं होतं, ते हवेची वाट अरुंद करत होतं. दोन्ही काढली. गाडीच्या नोंदणीत इंधन म्हणून सीएनजी लिहिलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे बदल आरटीओत नोंदवावा लागतो, म्हणून कागदाचं कामही मालकांना लगेच सुरू करायला लावलं. गाडी बदलली आणि कागद तसाच राहिला, तर विम्यापासून विक्रीपर्यंत सगळं अडतं.

मग खाली झोपून बॅटरीच्या उजेडात मी आणि माझ्याकडे काम करणारा अमळनेरचा पोरगा, आम्ही तळ पुसून काढला. केरोसीनचा बोळा फिरवला तशी खरी लाइन दिसू लागली. नळी नव्हती, पण तिची जागा होती. जुन्या क्लिपांची भोकं, काही ठिकाणी गंजून राहिलेली अर्धी क्लिप, आणि जिथे नळी अंगाला टेकून गेली होती तिथे काळ्या कोटिंगमध्ये उमटलेली फिकट पट्टी. पोराने खडूने भोकांना गोल केले आणि आम्ही ते जोडत गेलो. "दादा, इथे तर सरळ जाता आलं असतं. मग वाकवली कशाला?" त्याने विचारलं. सगळं काम या प्रश्नाभोवती फिरलं.

वळण का होतं ते समजायला एक न बिघडवलेली गाडी पाहणं गरजेचं होतं. नवसारीला एका पारशी कुटुंबाकडे अशी कॉन्टेसा आहे, एकाच घरात राहिलेली, गॅस न लागलेली. त्यांनी मोठ्या मनाने ती रॅम्पवर चढवू दिली. आम्ही फोटो घेतले, मापं घेतली आणि तारेचा फर्मा करून आणला. अमेरिकेत गाजलेल्या मॉडेलच्या नळ्या कारखान्यातल्यासारख्या वाकवून तयार विकत मिळतात. आपल्याकडे कॉन्टेसासाठी तसं काही नाही. इथे एका गाडीचं ज्ञान दुसऱ्या गाडीवरून घ्यावं लागतं, आणि ते देणारा माणूस उदार असावा लागतो.

फर्मा शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा एकेका वळणाचा अर्थ लागत गेला. पहिलं वळण सायलेन्सरपासून दूर जाण्यासाठी. पेट्रोल म्हणजे अनेक घटकांचं मिश्रण. त्यातले हलके घटक पस्तीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. सुरतेच्या मे महिन्यात सावलीतला पारा चाळिशीला जातो, आणि सहारा दरवाजाच्या गर्दीत गाडी उभी राहिली की बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. त्यात मूळ पंप इंजिनाच्या अंगावर असतो. तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो, ढकलत नाही. ओढीमुळे नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की उकळणं लवकर होतं. नळीत वाफ झाली की पंप वाफच ओढत बसतो. गाडी बंद पडते आणि थंड होईपर्यंत चालू होत नाही. व्हेपर लॉक म्हणतात तो हाच. लोखंडी नळी कापून ओढलेली ती रबरी नळी सायलेन्सरच्या वीतभर अंतरावरून गेलेली होती. पूर्वीच्या मिस्त्रीला पंप दुबळा वाटला, पण दुखणं रस्त्यात होतं.

दुसरं वळण तळाच्या खोबणीत शिरण्यासाठी, म्हणजे चाकाने उडवलेला दगड नळीला लागू नये. तिसऱ्या ठिकाणी लोखंडी नळी संपून थोडी रबरी होत होती, कारण इंजिन रबराच्या माउंटिंगवर हलतं आणि बॉडी स्थिर असते. तिथे पूर्ण लोखंडी नळी लावली तर ती थरथरून तडकते. तांब्याची लावली तर आणखी लवकर, कारण तांबं सतत हलवलं की कडक होत जातं. स्वस्त आणि हाताने वाकते म्हणून तांब्याची नळी आपल्याकडे सर्रास लावतात. त्यातल्या कित्येक जोडाजवळ चिरा पडून माझ्याकडे आल्या आहेत.

सगळ्यात जास्त शिकवलं ते पंपाने. जुन्या मिस्त्रींच्या तोंडी तो 'एसी पंप'. कॅमशाफ्टवरचा एक उंचवटा त्याची दांडी हलवतो, दांडी आतला पडदा खाली ओढते, स्प्रिंग तो वर ढकलते, आणि दोन एकदिशा झडपा पेट्रोल पुढेच जाऊ देतात. दाब तीन ते पाच पीएसआय, त्यापलीकडे नाही. कार्बोरेटरची वाटी भरली की फ्लोट वर येतो, नीडल व्हॉल्व्ह बंद होतो, आणि पडदा आपोआप थांबून राहतो. इंजिन मागेल तेवढंच मिळतं. आणि इंजिन बंद पडलं की पंपही बंद. अपघातात नळी तुटली तरी पेट्रोल पुढे फेकलं जात नाही. या गाडीत बसवलेला इलेक्ट्रिक पंप इंजेक्शनच्या गाडीचा होता. त्या गाड्यांना चाळीस पीएसआयच्या वर दाब लागतो. एवढा दाब छोट्या नीडल व्हॉल्व्हवर आला की तो बंद राहत नाही, पेट्रोल वाटीतून उतू जातं आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर पडतं. शिवाय तो पंप थेट चावीला जोडलेला होता. इंजिन थांबलं तरी चालूच. ही गाडी पेटली नाही, हे त्या घराचं नशीब. तो पंप काढून टेबलावर ठेवला आणि पोराला म्हटलं, मूळ गाडी बनवणारा माणूस इथे काय वाचवत होता ते समजल्याशिवाय त्याची वस्तू काढायची नाही.

टाकी उतरवली. आत हात घातला तर बोटाला गाळ लागला. इतक्या वर्षांनीही तो तापीचाच होता, मऊ आणि राखाडी. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, म्हणून टाकीजवळ वेल्डिंगचा विचारसुद्धा करायचा नाही. गरम पाणी आणि साबणाने पुन्हापुन्हा धुतली, मग आत बारीक साखळी आणि डिझेल घालून हलवली, गंज मोकळा केला. त्यानंतर फॉस्फोरिक ॲसिडचं पाणी, पुन्हा धुणं, आणि हवेने पूर्ण सुकवणं. तळाच्या ओढनळीवरची जाळी कुजली होती, ती नवी केली. हवा घेणारी नळी मोकळी केली.

नळीसाठी दोन पदरी लोखंडी ट्यूब आणली, वरून गंजरोधक थर असलेली. पंपाचा पडदा, झडपा, फ्लोटची सुई हे सुरतेत मिळेना. पहाटेच्या फ्लाइंग राणी एक्सप्रेसने मुंबईला गेलो आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत दिवस घालवला. नट मात्र तिथेही मिळाले नाहीत, कारण मला एका टोकाला इंची आटा आणि दुसऱ्याला एमएमचा हवा होता. ते उधना उद्योगनगरमध्ये झाले. यंत्रमागाचे भाग बनवणारे एक काका आहेत, मूळचे धुळ्याकडचे. त्यांच्या लेथवर आयुष्यभर मागाचे दांडे आणि बुश कातले गेले. जुना नट पाहून त्यांनी गेजने आटा मोजला, पितळी सळई चकमध्ये धरली आणि एकेक नट असा काढला की हाताने सहज शेवटपर्यंत गेला. पैसे विचारले तर म्हणाले, "आधी लावून पाहा रे, गळतंय का. मग बोलू." हे शहर कापडाचं म्हणून ओळखलं जातं. त्या कापडामागे केवढी लोखंडाची कारागिरी उभी आहे, ते असं काम पडलं की कळतं.

नळी वाकवताना बेंडरनेच वाकवायची, गुडघ्यावर नाही. गुडघ्यावर वाकवली की आतून चपटी होते आणि तिथे पेट्रोल अडतं. टोकाला दुहेरी फ्लेअर, म्हणजे कड दुमडून दोन पदरी केलेली, म्हणजे नट आवळताना चिरत नाही. जिथे रबर चढणार तिथे फ्लेअर नाही, फक्त उठावदार कडं, म्हणजे नळी निसटत नाही आणि आतून कापतही नाही. क्लिप जुन्या भोकांतच बसवल्या, प्रत्येकीत रबराची पट्टी. फिल्टर पंपाच्या आधी, मॅनिफोल्डपासून लांब.

इथपर्यंत सगळं मूळ गाडीप्रमाणे झालं. मग रबर आलं, आणि मालकांच्या मागणीचं उत्तर देण्याची वेळ आली.

२०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर रुळलं. आपल्या उसाला, मक्याला त्यातून बाजार मिळतो आणि बाहेरून आणायचं तेल कमी होतं. पण कॉन्टेसा बनली तेव्हाचं रबर या पेट्रोलसाठी नव्हतं. इथेनॉल साध्या जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं, त्याचे कण सुटून जेट तुंबतात. ते पाणीही ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली आणि पाणी जास्त झालं, तर इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं आणि नेमकं तिथूनच ओढनळी पेट्रोल घेते. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा, इथेनॉलला सुमारे ९. इंजेक्शनची गाडी हे स्वतः ओळखून पुरवठा वाढवते. कार्बोरेटरचा जेट मात्र जेवढ्या भोकाचा आहे तेवढंच देतो. मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं आणि चढावर दम लागतो.

मालक म्हणाले, रबरसुद्धा जुन्या छापाचं मिळेल का? मिळालं असतं. कुठल्यातरी गोदामात त्या काळची, न वापरलेली नळी सापडलीही असती. मी नाही म्हणालो. त्यांना गाडीखाली नेऊन ती फिकट पट्टी दाखवली, एकेका वळणाचं कारण सांगितलं. उत्तरपाड्याच्या माणसाने ही वाट आखताना त्याच्या मनात एकच गोष्ट होती: टाकीतलं पेट्रोल गळू नये, तापू नये, अडू नये. त्याच्या काळातलं पेट्रोल धरून त्याने रबर निवडलं. आज तोच माणूस बसला असता तर त्याने आजचं पेट्रोल धरून रबर निवडलं असतं. मूळपण जपायचं तर त्याचा हेतू जपायचा. वाट त्याची, वळणं त्याची, पंप त्याचा; रबर आजचं. म्हणून आतून इथेनॉल सोसणारा थर असलेली नळी घातली, पंपाचा पडदाही तसाच, आणि मेन जेट थोडा मोठा करून प्लगचा रंग पाहत मिश्रण जुळवलं. मालक थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बराबर छे."

हेतू जपण्याचं हे सूत्र मला बाकीच्या कामांतही उपयोगी पडतं. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राहिलेल्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांच्या वेगळ्या नोंदणीचे नियम केले. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. पहिल्या कॉन्टेसा २०३४ मध्ये त्या वयाच्या होतील. तोपर्यंत अनेक मालक ओरिजिनल हा शब्द घेऊन गॅरेजांच्या दारात येतील, आणि काही जण फक्त दिसणारी वस्तू मागतील: खोटी जुनी लेबलं, जुन्या छापाचं कुजकं रबर. मला वाटतं आपण मिस्त्रींनी तेव्हा ठाम राहावं. पेट्रोलच्या लाइनमध्ये जुनेपणाचा देखावा करायचा नसतो. त्या गाडीत माणसं बसतात.

ही कॉन्टेसा तयार झाल्यावर डुमसच्या रस्त्यावर भर दुपारी चालवली, मुद्दाम गर्दीत उभी केली, पुन्हा चालू केली. ती चालू झाली, कुठे वास नाही, कुठे थेंब नाही. लेथवाल्या काकांचे पैसे त्याच दिवशी दिले.

त्यानंतर गॅरेजमध्ये एक रीत सुरू केली. जुन्या गाडीच्या इंधनाच्या लाइनला हात लावला की एका कागदावर तिचा नकाशा काढायचा: कुठे लोखंडी, कुठे रबरी, रबर कुठल्या प्रकारचं, कुठल्या साली घातलं, कधी बदलायचं, जेट किती नंबरचा आणि का. प्रत्येक बदलापुढे कारण लिहायचं. एक प्रत गॅरेजमध्ये, एक गाडीच्या कागदांबरोबर. नकाशा आता पोरगा काढतो. पेट्रोल पुढेही बदलत जाणार आहे, आणि कधीतरी दुसरा कुणी मिस्त्री आमचं काम कापायला बसणार आहे. त्याने जरूर कापावं. फक्त आम्हाला जे तळाच्या डागांवरून शोधावं लागलं, ते त्याला लिहिलेलं मिळावं.